ठाणावरची उधारी

घोडे सांभाळायला ठेवून घेणाऱ्या तबेल्याचा धंदा बाहेरच्या माणसाला गोदामासारखा वाटतो. माल आपल्या ताब्यात आहे. बिल थकलं की माल अडवायचा, पैसे आले की सोडायचा. बरेचसे तबेलेवालेही मनातून हेच धरून चालतात आणि म्हणून पहिला महिना थकला तरी फारसे हलत नाहीत. 'घोडा आपल्याकडेच आहे, जातोय कुठं?' असं म्हणत ते चौथ्या महिन्यापर्यंत येतात. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. थकलेल्या बिलापोटी ताब्यात राहिलेल्या घोड्याला तारण समजणं हीच या धंद्यातली सर्वांत महाग चूक आहे. सोनं तिजोरीत पडून राहतं. घोडा रोज सकाळी खायला मागतो, आणि ज्या बिलासाठी तो अडवला ते बिल त्याच्याच पोटातून वाढत जातं.

साडेचारशे किलोचा थरोब्रेड रोज स्वतःच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा-दाणा खातो, म्हणजे सात ते नऊ किलो. पुण्यासारख्या ठिकाणी त्यात ओट, कोंडा, हरभरा, लसूणघास आणि सुकं गवत येतं. गवताचा भाव पावसाळ्याअखेरीस वेगळा, मे महिन्यात वेगळा. दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, आणि या सगळ्यावर मोतद्दाराचा पगार. तो महिन्याच्या महिन्याला द्यावाच लागतो, मालकाचे पैसे आले असोत वा नसोत. यातल्या कशालाही 'या महिन्यात राहू दे' म्हणता येत नाही. आणि थकबाकीची चाहूल बिलाच्या वहीत सर्वांत शेवटी लागते. त्याआधी मालकाच्या रविवारच्या फेऱ्या विरळ होतात, मग नालबंदाला 'पुढच्या खेपेला बघू' असा निरोप जातो, मग दात घासून घ्यायचं काम लांबतं. खराऱ्याच्या वेळी ठाणावर उभ्या राहणाऱ्याला हे सगळं दिसत असतं, फक्त तो त्याला हिशेबाची गोष्ट मानत नाही.

आता कायद्याकडे. आपला करार कायदा 1872 सालचा, घोडा हेच वाहन असलेल्या काळातला. दुसऱ्याच्या ताब्यात वस्तू सोपवण्याबद्दलच्या त्याच्या प्रकरणात उदाहरणांतून घोडे भरपूर हिंडतात, पण घोडा सांभाळणाऱ्याच्या थकलेल्या बिलाचं उदाहरण मात्र तिथं नाही. कलम 170 म्हणतं की सोपवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलं असेल तर मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. त्याखालचं पहिलं उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचं आहे, दुसरं शिंप्याचं. शिंप्यानं कोट शिवून होताच द्यायचं आणि पैशांसाठी तीन महिने थांबायचं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. 'असू द्या साहेब, पुढच्या महिन्यात एकदम द्या' असं व्हॉट्सअॅपवर लिहून मोकळं होणाऱ्या प्रत्येक तबेलेवाल्यानं हे उदाहरण दाण्याच्या कोठीवर चिकटवून ठेवावं.

बरं, चारा-पाणी देणं हे 'श्रम किंवा कौशल्य' धरलं जाईल का, यावर वकील वाद घालू शकतात. इंग्लंडच्या न्यायालयांनी मात्र हा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला. घोडा शिकवणाऱ्या ट्रेनरला तो अडवायचा हक्क आहे, कारण त्याच्या हातून घोड्याची किंमत वाढते. 1828 सालच्या बेव्हन विरुद्ध वॉटर्स खटल्यापासून हे मान्य आहे. नुसतं ठेवून, खायला घालून सांभाळणाऱ्याला तो हक्क नाही, असं 1833 च्या जडसन विरुद्ध एथरिजमध्ये ठरलं. ऐकायला अन्याय वाटतो, पण यापेक्षा बोचणारा निकाल 1860 चा आहे. जहाज दुरुस्त करणाऱ्या एका गोदीनं बिलासाठी जहाज अडवलं आणि अडवलेल्या दिवसांचं गोदीभाडंही मागितलं. हाउस ऑफ लॉर्ड्सनं ते नाकारलं: तुम्ही तुमच्या सोयीसाठी वस्तू धरून ठेवलीत, तर धरून ठेवण्याचा खर्च तुमचा. जहाजाच्या जागी ओट खाणारा घोडा ठेवून पाहा, म्हणजे हक्क मिळूनही हातात काय राहतं ते कळेल.

यावर धंद्यातले दोन उपाय हमखास सुचवले जातात. पहिला, दाणा तोडा. हा क्रूर आहेच, शिवाय मूर्खपणाचाही आहे. खुराक अचानक बदलला की पोटशूळ उठतो, रात्री डॉक्टर बोलवावा लागतो आणि ते बिलही आपल्याच वहीत येतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचं कलम 3 जबाबदारी टाकतं ती ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावर, नुसती मालकावर नव्हे. (पहिल्या गुन्ह्याला त्यात दहा ते पन्नास रुपये दंड आहे, तबेल्याचं नाव जातं ते वेगळं.) दुसरा उपाय जास्त मोहाचा: घोडा शिकाऊ मुलांना द्या, त्याचा दाणा त्यालाच कमवू द्या. मालकाची लेखी संमती असेल तर हा मार्ग चांगलाच आहे, इंग्लंडमध्ये अशी रीतसर व्यवस्था चालते. संमती नसेल तर करार कायद्याचं कलम 154 आडवं येतं. त्यातलं उदाहरण असं, की स्वतःच्या रपेटीसाठी उसना घेतलेला घोडा एकानं घरातल्या माणसाला दिला, त्या माणसानं जपून चालवला, तरी घोडा पडून जखमी झाला. भरपाई देणाऱ्यानं द्यायची. पैसे बुडवणारा मालक उद्या फिर्यादी म्हणून उभा राहतो.

मग सरळ विकून टाकावा? परस्पर विकला तर फौजदारी अंगावर येऊ शकते. इंग्लंडमध्ये 1977 च्या कायद्यानं बेवारस टाकलेली वस्तू विकता येते, पण पैसे येणं असेल तर आधी तीन महिन्यांची नोटीस लागते, म्हणजे पुन्हा तीन महिन्यांचा चारा. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 6 खाली दावा चालू असतानाच विक्रीची परवानगी मागता येते, आणि लेखी करार असेल तर आदेश 37 चा झटपट दावाही लावता येतो. हे मार्ग खरे आहेत, वापरावेत. पण विकून येणार किती? पुण्या-मुंबईच्या तबेल्यांत सांभाळायला येणारे पुष्कळसे घोडे रेसमधून निवृत्त झालेले. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भोवरे, रंग आणि चाल बघून पैसे मोजणारं गिऱ्हाईक अशा घोड्याकडे वळूनही पाहत नाही.

म्हणून सारी वसुली घोडा आत येण्याआधीच करायची असते. महिना आगाऊ, त्यावर दोन महिन्यांची अनामत. पैसे चुकल्यावर किती दिवसांनी नोटीस जाईल, घोडा अडवण्याचा आणि नोटीस देऊन विकण्याचा हक्क केव्हा सुरू होईल, हे वकिलाकडून तपासून घेतलेल्या कागदावर. थकबाकीपोटी वस्तू अडवण्याच्या बाबतीत करार कायद्यात स्पष्ट कराराला मान आहे, अध्याहृत समजुतीला फारसा नाही. यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे: हा घरोब्याचा धंदा आहे, कागद पुढे केला की माणसं दुरावतात, आणि खऱ्या अडचणीतल्या मालकाशी असं वागायचं का? दुरावतात काही, हे खरं. पण अनामत नको म्हणणारा मालक बहुधा बिलही नको म्हणणारा निघतो. अडचणीतल्या माणसाला मदत करायचीच तर ती ठरवून करावी: इतकी सूट, इतक्या महिन्यांपुरती, लिहून. नुसतं गप्प राहण्याला आपण दया म्हणतो, तेव्हा ती मोतद्दाराच्या पगारातून आणि वेळेवर पैसे देणाऱ्या बाकीच्या मालकांच्या गवतातून केलेली असते.

घोडा ठेवायला देणाऱ्यांना इतकंच सांगणं आहे, की परवडेनासं झालं तर पहिल्याच महिन्यात या आणि सांगा. कामात असलेल्या, अंगानं भरलेल्या घोड्याला आम्ही दुसरा मालक शोधून देऊ शकतो. सहा महिने ठाणावर नुसता उभा राहिलेला घोडा कुणी फुकटही नेत नाही.