चांदणी नसलेला आकडा

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण काय शोधतो? चांदणी. ज्या आकड्यापुढे चांदणी नाही तो नॉर्मल, विषय संपला. आज एका अशाच चांदणी नसलेल्या आकड्याची गोष्ट.

माझी मावशी अलिबागजवळ नागावला राहते. घराभोवती नारळ-सुपारीची वाडी, मागे विहीर. सहा वर्षांत तिला दोनदा मुतखडा झाला. आमच्या किनाऱ्यावर मुतखड्याचं खापर फुटतं विहिरीच्या पाण्यावर, आणि उपाय म्हणजे कुळथाचं कढण. तेही पिऊन झालं. मग अंगणात साधंसं घसरायचं निमित्त झालं आणि मनगट मोडलं. शिवाय थकवा, बद्धकोष्ठता, सारखी तहान. "अरे साठी उलटली, आता हाडं कुरकुरायचीच," इति मावशी. तीन तक्रारी, तीन डॉक्टर, तीन फायली.

शेवटी तिला मुंबईला आणलं. इथल्या डॉक्टरबाईंनी तिन्ही फायली एकत्र वाचल्या आणि एकाच दिवशी दोन तपासण्या करायला सांगितल्या: कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन. कॅल्शियम आलं ११.६ (असायला हवं साधारण ८.५ ते १०.५), त्याला चांदणी. हार्मोन ५८, मर्यादा १५ ते ६५. चांदणी नाही.

"म्हणजे हे तरी बरोबर आहे ना?" मावशीने विचारलं.

"नाही ना मावशी. कॅल्शियम इतकं वाढलंय, तर हा आकडा तळाला जायला हवा होता."

हे ऐकलं आणि माझ्यातला इंजिनियर जागा झाला. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुतेकांना चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. थायरॉइडशी त्यांचा संबंध फक्त शेजारधर्माचा. काम एकच, रक्तातल्या कॅल्शियमवर पहारा. ते जरा कमी झालं की काही सेकंदांत हार्मोन सुटतं. हाडांना निरोप: साठ्यातलं कॅल्शियम सोडा. मूत्रपिंडांना निरोप: कॅल्शियम वाचवा, फॉस्फेट टाकून द्या आणि ड जीवनसत्त्व कामाला लावा, म्हणजे आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम शोषेल. पातळी वाढली की हार्मोन बंद. चक्क फीडबॅक लूप!

एवढा कडक पहारा का? नसा, स्नायू, हृदयाचे ठोके, रक्त गोठणं, सगळं या कॅल्शियमवर चालतं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, आणि रक्तात कमी पडू नये म्हणून शरीर हाडं खणायला मागेपुढे पाहत नाही.

मावशीच्या एका ग्रंथीवर साधी गाठ झाली होती, कॅन्सरची नव्हे. ती ग्रंथी 'पुरे' हा सिग्नल ऐकेनाशी झाली. हाडं पोखरली गेली. रक्तात कॅल्शियम इतकं साचलं की मूत्रपिंडांनी वाचवूनही लघवीत जास्तच उतरलं आणि तिथे खडे झाले. तहानही त्यामुळेच. तीन फायली, बग एकच!

(काही औषधांमुळे किंवा एका आनुवंशिक प्रकारातही असे आकडे दिसू शकतात. डॉक्टरांनी ते आधी तपासलं.)

ऑपरेशनमधली एक गंमत. हे हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं. त्यामुळे गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा रक्त तपासलं, आकडा निम्म्याहून खाली! नंतर मात्र उपाशी हाडांनी कॅल्शियम ओढायला सुरुवात केली. काही आठवडे बोटांना मुंग्या आणि मूठभर गोळ्या.

जाता जाता, या ग्रंथी पहिल्यांदा कुणात दिसल्या माहितेय? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या भारतीय गेंड्यात. त्याचं विच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी केलं. माणसात त्या नीट ओळखल्या ईवार सांडस्ट्रम या स्वीडिश विद्यार्थ्याने, १८८० मध्ये. गेंड्याच्या मानाने आपला नंबर तसा उशिराच लागला म्हणायचा :)

असो. तर मंडळी, घरात कुणाला पुन्हा पुन्हा मुतखडा होत असेल, किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर पाण्याला दोष देऊन थांबू नका. कॅल्शियम आणि हे हार्मोन एकाच वेळी तपासायचं का, एवढं डॉक्टरांना विचारा. आणि रिपोर्ट आला की दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचून घ्या.