कॅरलबाई

वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या उतरून पश्चिमेची वाट धरलीत, की शिरसाड ओलांडून तुम्ही वसईच्या वाड्यांमध्ये पोचता. या वाटेवर एक जुनं प्रकरण आहे. १७३९ साली वसईचा किल्ला काही केल्या पडेना, तेव्हा चिमाजीअप्पांनी देवीला नवस बोलला. किल्ला पडला, नवस फेडायला देऊळ उभं राहिलं, आणि वसईतल्या चर्चच्या घंटा घाट चढून गेल्या. त्यातली एक वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी टांगलेली आहे. तिच्यावर बाळाला घेतलेली मारिया आजही दिसते.

घंटा नेता आल्या. मला जिची ओळख करून द्यायची आहे, तिला मात्र कुणी नेऊ शकलं नसतं, कारण ती कुठे टांगलेली नसतेच. ती पायी हिंडते. नाव कॅरल. वयाने ज्येष्ठ आहे, म्हणून आपण कॅरलबाई म्हणू.

वर्षाचे अकरा महिने बाईंचा पत्ता म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरची प्लास्टिकची फाइल. आत झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली पानं, शब्दांच्या डोक्यावर पेनाने लिहिलेले गिटारचे कॉर्ड, कोपऱ्यांवर मेणबत्तीचे डाग. तिसरं पान दरवर्षी हरवलेलं असतं आणि दरवर्षी ते गेल्या खेपेला कुणाकडे होतं यावर वाद होतो. डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की फाइल खाली येते आणि बाईंच्या अंगात येतं.

खरं म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार हा आगमनकाळ. वेदीवर जांभळं वस्त्र, आणि धीराने वाट बघायचे दिवस. शिस्तीने वागायचं तर बाईंनी चोवीसच्या रात्रीपर्यंत गप्प बसावं आणि पुढे ६ जानेवारीला तीन राजांचा सण होईपर्यंत खुशाल गावं. बाई नेमकं उलटं करतात. बाळ जन्मायच्या आठवडाभर आधीपासून घरोघर पेढे वाटत सुटतात आणि सव्वीस तारखेला बघावं तर घसा बसलेला. फादरांना हे सगळं ठाऊक असतं. पण लहानपणी तेही याच बाईंच्या मागे काळोखात हिंडलेले असतात, तेव्हा बोलणार कोण?

त्यांचा लवाजमा बघण्यासारखा. पुढे गिटारवाला, त्याची एक तार तुटलेली आहे, हे तो प्रत्येक घरी गाण्याआधी सांगतो. मागे ढोलकी, खंजिरी, मोबाइलच्या उजेडात पानं धरणाऱ्या मुली, आणि सगळ्यांत हैराण प्राणी म्हणजे सांताक्लॉज. तो वर्गातला सर्वांत जाडा नाहीतर सर्वांत भिडस्त मुलगा असतो. कापसाची दाढी तोंडात जाते, लाल सॅटिनच्या आत घाम फुटतो, आणि गल्लीतली कुत्री सगळा घोळका सोडून नेमकी त्याच्याच अंगावर जातात. गाणाऱ्यांत तीन जणांना पूर्ण शब्द येतात. बाकीचे ध्रुवपद आलं की असे तुटून पडतात, की आतापर्यंत गप्प का होते ते लगेच कळतं.

घराण्याचा ताठा मात्र विचारू नका. आपण थेट युरोपच्या, हे बाई पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. पुढचं सांगत नाहीत, ते मी सांगतो. तिकडे तरुणपणी त्या फेर धरून नाचायच्या. १६४७ साली इंग्लंडच्या कर्मठ पार्लमेंटने नाताळ साजरा करायलाच बंदी घातली आणि बाईंना तोंड लपवून दिवस काढावे लागले. त्याच्या एकतीस वर्षं आधी, १६१६ मध्ये, गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं होतं. कर्ता फादर थॉमस स्टीफन्स, माणूस इंग्रज. येशूच्या जन्माची कथा त्याने मराठी ओवीत बसवली. म्हणजे माहेरी दार बंद झालं तेव्हा माहेरच्याच एका माणसाने बाईंची इकडे आधीच सोय लावून ठेवलेली होती. ही गोष्ट काढली की बाई विषय बदलतात.

विषय बदलायचा म्हणजे ‘जिंगल बेल्स’. जेम्स पियरपाँट नावाच्या अमेरिकनाने १८५७ साली प्रसिद्ध केलेलं हे गाणं बर्फावर धावणाऱ्या घोड्याच्या गाडीचं. त्यात ना गोठा, ना बाळ, ना नाताळाचं नाव. आणि ते गायचं कुठे, तर भुईगाव-गिरीजच्या केळीच्या वाड्यांत, जिथे डिसेंबरची थंडी पडली म्हणजे आजोबांनी कानटोपी घातली, एवढंच! पण मुलं टाळ्या पिटतात. टाळ्या ऐकल्या की बाईंची तत्त्वं पातळ होतात.

‘सायलेंट नाइट’ला मात्र त्या ओळखू येत नाहीत. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडोर्फ गावात योसेफ मोर हा तरुण पाद्री आणि फ्रान्झ ग्रूबर हा शाळामास्तर यांनी ते पहिल्यांदा गायलं, साथीला गिटार. वाड्यांमध्ये ते इंग्रजीत सुरू होतं, दुसऱ्या कडव्याला मराठीत शिरतं, आणि ओट्यावरच्या आजी आपल्याला येतं त्या भाषेत मधेच सूर लावतात. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तिथे बाई सांताक्लॉजला बाहेर ठेवतात, ढोलकी उशीवर ठेवायला लावतात आणि हे एकच गाणं म्हणून निघतात. तिथे डबा पुढे करत नाहीत. हा गुण त्यांच्यात कुठून आला, कुणास ठाऊक. भिडेचा त्यांना एरवी स्पर्श नाही.

त्यांची एक चुलत बहीण नगरकडे असते, प्रॉटेस्टंट. तिच्या हातात टाळ. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी तिला भजन-कीर्तनाची अशी गोडी लावली, की ‘उपासना संगीत’ उघडलं की अजून टिळकच भेटत राहतात. वसईच्या बाईंना मिस्सेत मोकळेपणी मराठी बोलायला मिळालं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे. तोवर वेदीवर लॅटिन आणि मराठी दाराबाहेर. नगरची बहीण तोवर अर्धं शतक अभंग म्हणून मोकळी झाली होती. हे शल्य आहे. म्हणून तर वसईतल्या चर्चमध्ये पेटी-तबला दिसला की बाई जरा जास्तच ताठ बसतात.

हल्ली वाड्यांच्या जागी इमारती आल्या. गेटवर वही. “कितने लोग? किसके यहाँ?” वॉचमन विचारतो. “सगळ्यांकडे,” असं उत्तर वहीच्या रकान्यात मावत नाही. मग सेक्रेटरीला फोन, मग लिफ्टमध्ये ढोलकी, आणि सातव्या मजल्यावर दार उघडणाऱ्या काकूंच्या भिंतीवर वज्रेश्वरीची तसबीर. काकू नाताळबिताळ काही मानत नाहीत, पण मागच्या वर्षी त्यांचा मजला राहून गेला म्हणून रुसलेल्या असतात. त्या रव्याचे लाडू देतात, आणि फर्माईश करतात ती हटकून ‘जिंगल बेल्स’ची.

बाईंचं बिनसतं ते स्टेजवर. कॅरल-स्पर्धा आली की त्या एकसारख्या रंगाच्या साड्या नेसून अर्धवर्तुळात उभ्या राहतात, चार सुरांत गातात, परीक्षकाकडे बघून हसतात. सूर चोख, आणि बाई कुठेच नाहीत. टेम्पोवर स्पीकर बांधून रेकॉर्ड लावणारं एक मंडळही अधूनमधून भेटतं. त्याला त्या तोंडावर नाक मुरडतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद केले, याचा सर्वांत जास्त आनंद बहुधा त्यांनाच झाला असेल. माझंही मत त्यांच्याच बाजूने. दारात उभं राहून बेसूर गाणारी पोरं मला टेम्पोतल्या अचूक रेकॉर्डपेक्षा शंभरदा चालतील; त्यांना निदान पाणी तरी विचारता येतं.

पैशाच्या बाबतीत बाई धोरणी आहेत. डबा गाण्याच्या आधी कधीच पुढे येत नाही, शेवटच्या कडव्याला येतो, तोही सर्वांत लहान मुलाच्या हातात. जमा रक्कम गरजूंसाठी असते आणि जातेही त्यांच्याकडेच. त्यातून वडापावचा खर्च वजा होतो, यावर हिशेबाच्या वहीत फक्त ‘किरकोळ’ असा शब्द असतो.

भेटायला जाणार असाल तर पंधरा ते तेवीस डिसेंबर हे दिवस बरे, रात्री आठनंतर. दिवा लावून ठेवा, काळोखं घर त्या सोडून जातात. सुटे पैसे काढून ठेवा, करंज्या मोजून नका देऊ. आणि गाणं आवडलं तरी “छान म्हणता हो!” असं चुकूनही बोलू नका. अजून फाइलमधली सोळा पानं शिल्लक असतात.