पायांखालचा किल्ला

बेळगावचा किल्ला दाखवताना आपण पाहुण्यांना वर पाहायला सांगतो. दरवाजाची कमान पाहा, कमल बस्तीच्या छतातले दगडी कमळ पाहा. गेल्या वर्षी मी मात्र हा किल्ला खाली मान घालून फिरले. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते आणि पॅक्लिटॅक्सेल हे औषध सुरू होते. आठवड्याला एक, असे बारा डोस ठरले होते. सहाव्या डोसनंतर पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, मग तळवे बधिर झाले. डॉक्टरांनी रोज थोडे चालायला सांगितले होते. किल्ला भुईकोट, चढ नाही, रहदारी बेताची. धारवाडच्या माहेरच्या आमच्या वहिनी सोबत येत.

खंदक ओलांडून आत शिरलो, की पायांखाली कधी डांबर येते, कधी माती, कधी फरशी. हा फरक एरवी पाऊल आपोआप ओळखते. माझ्या पावलांना तो कळेना. एकदा चप्पल पायातून निसटून मागे राहिली, तेही वहिनींनी सांगितल्यावर समजले. मग मागे पट्टा असलेली, बंद बोटांची पादत्राणे घेतली आणि प्रत्येक पाऊल डोळ्यांनी पाहून टाकू लागले. घरी परतल्यावर तळवे आरशात पाहायचे, खडा टोचला आहे का, फोड आला आहे का. दुखत नाही म्हणून जखम नाही, असे या दिवसांत धरून चालत नाही.

हे औषध मुळात पॅसिफिक यू नावाच्या अमेरिकेतल्या झाडाच्या सालीत सापडले. पेशींमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात. पेशी दुभंगताना त्यांची मोडतोड आणि जुळणी व्हावी लागते. औषध त्या नळ्या गोठवते आणि कर्करोगाच्या पेशीची वाढ अडते. पण नसांमधली ने-आणही त्याच नळ्यांवरून चालते. सर्वांत लांब नसा पावलांपर्यंत जातात, म्हणून त्रास बहुधा तिथे आधी सुरू होतो, मग हातांच्या बोटांत. ऑपरेशननंतर काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला येणारा बधिरपणा वेगळा. तिथली बारीक नस ऑपरेशनमध्येच दुखावते. डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळे सांगावेत.

किल्ल्यातली कमल बस्ती रट्टांच्या काळातली, इ. स. १२०४ ची. आत नेमिनाथांची मूर्ती आहे. देवळात पादत्राणे काढावी लागतात आणि मला तर अनवाणी चालायची मनाई होती. तळाला रबरी ठिपके असलेले जाड सुती मोजे घालून, वहिनींचा हात धरून मी आत गेले. काळा, गुळगुळीत दगड पावलांना जाणवलाच नाही. खांबाला हात लावला. बोटांच्या टोकांना काही कळले नाही, पण तळहाताच्या मध्याला गारवा लागला. आंघोळीचे पाणी बोटांनी न पाहता कोपराने का पाहायचे, ते तिथे नीट पटले.

वहिनींनी मला कन्नडमधले नेमके शब्द दिले. मुंग्या म्हणजे जोमु. आग होणे म्हणजे उरी. आणि लाकडासारखे बधिर होणे म्हणजे मरगट्टु; मर म्हणजे झाड. तपासणीच्या वेळी नुसते ‘दुखते’ म्हणण्यापेक्षा हे तिन्ही वेगळे सांगितले, तर डॉक्टरांना बरेच उमगते. आमचे डॉक्टर कन्नड बोलणारे, त्यामुळे उपयोग लगेच झाला.

आठव्या डोसनंतर ब्लाउजचे हूक लागेनात, वर्गात खडू हातातून गळू लागला. मी ते डॉक्टरांना सांगितले. त्यांनी पुढचा डोस एक आठवडा लांबवला आणि औषधाचे प्रमाण कमी केले. दोन रात्री झोप लागली नाही. औषध कमी, म्हणजे रोग परत येणार का? डॉक्टर म्हणाले, नसांची इजा कायमची राहू नये म्हणून असा बदल करणे हाही उपचाराचाच भाग आहे. मात्र तो निर्णय तुम्ही घरी घ्यायचा नाही आणि त्रासही लपवायचा नाही. भीती पूर्ण गेली नाही, पण उरलेले डोस पार पडले.

आपल्याकडे ओळखीची माणसे लगेच ‘नसांच्या गोळ्या’ सुचवतात. त्यांतल्या काहींत असेटिल-एल-कार्निटिन असते. ते या त्रासाच्या प्रतिबंधासाठी वापरू नये, असे अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. वेदना फार असतील, तर ड्युलोक्सेटिनचा काहींना उपयोग होतो. तेही डॉक्टरांनी दिले तरच.

औषध थांबल्यावर बोटे हळूहळू सुधारली. हूक लागतात, फळ्यावर लिहिता येते. पायांचे अंगठे अजून बधिर आहेत. काहींना असे राहते, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तुमच्या घरी कोणी या उपचारांत असेल, तर त्यांना किल्ल्यात अवश्य न्या. सकाळी उजेडात न्या, पावसात शेवाळलेल्या फरशीवर नको. जमीन बदलते तिथे आधी सांगा आणि हात पुढे करा. कमळ पाहायचे असेल, तर आधी थांबून पाय टेकवायला सांगा, मग वर पाहायला.