फुलाचं वर-खाली

ऑर्किडला तोंड असतं. मोगरा किंवा झेंडू बोटात धरून कसाही फिरवा, काही बिघडत नाही. ऑर्किड जरा कलंडलं तरी ते खटकतं. बाहेरची तीन निदलं, आतल्या दोन सारख्या पाकळ्या आणि तिसरी अगदी निराळी, पुढे आलेली, जिला ओठ म्हणतात. उभी चीर दिली तर दोन्ही अर्धे भाग सारखे, आडवी दिली तर नाही. म्हणजे हिशेब माणसाच्या चेहऱ्याचाच. त्यामुळे त्याचा जवळून फोटो काढायचा आणि मग कडा छाटायच्या, तर फुलापेक्षा माणसाच्या फोटोचे नियम जास्त उपयोगी पडतात.

ते नियम मला मामांकडून मिळाले. खानदेशात त्यांचा छोटा स्टुडिओ होता. सुट्टीत जाताना मी सुरतेतल्या आमच्या पर्वत पाटियाहून साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा न्यायचो. आई घरी साड्यांचं धागा कटिंग करायची, त्यामुळे खोक्यांना तोटा नव्हता. मामा त्यातून दोन काटकोन कापत. ते एकमेकांवर उलटसुलट ठेवून सरकवले की हवी तेवढी चौकट तयार. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४, पण गिऱ्हाइकाला हवा पाच-सात किंवा आठ-दहा इंच. प्रमाण जुळत नाही, कुठलीतरी कड जाणारच. कोणती जाणार ते मामा काटकोन सरकवून ठरवत आणि लाल पेन्सिलीने रेघ मारत. नवरदेव डावीकडे बघत असला तर म्हणायचे, "नाकापुढे जागा सोड रे, भिंतीवर आपटेल तो."

माझं पहिलं ऑर्किड मांडवातलं. लग्नाच्या स्टेजवर हल्ली सर्रास दिसतं ते जांभळं डेंड्रोबियम, टिकाऊ आणि बारमाही. पाणी घातलेल्या नळीत देठ खोचून हॉलवाले ते लावतात. मी त्याचा जवळून फोटो काढला आणि काटकोन ठेवले, तर मामांचं नाक इथेही लागू पडलं. ओठ ज्या दिशेला, तिकडे थोडी मोकळी जागा. पाठीकडची कड खुशाल कापा.

पुढे कापडाच्या डिझाइनमध्ये नोकरी लागली. आमच्याकडे फुलं झाडांपेक्षा ताक्यांवर जास्त दिसतात. रोटरी स्क्रीनचा घेर बहुतेक ६४ सेंटिमीटरचा असतो, म्हणून नक्षीही ६४, ३२ किंवा १६ सेंटिमीटरनंतर पुन्हा यायला लागते. त्यात गुलाब बसवणं सोपं. एक इकडे, एक तिकडे, एक उलटा फेकला की शिवण दिसत नाही. ऑर्किड मात्र फेकता येत नाही. सगळी एका दिशेला ठेवली तर बाजारात त्याला वन-वे म्हणतात, आणि वन-वेचं साडीवर काय होतं ते नेसल्यावरच कळतं. कमरेखाली साडीचा पन्हा उभा असतो, पदरात लांबी उभी होते. निऱ्यांत ताठ उभं असलेलं फूल पदरात कुशीवर झोपतं. व्यापाऱ्याला हे दाखवलं तर तो म्हणाला, "भाई, एवढं कोण बघतं?" खरं आहे, कोणी बघत नाही. मला मात्र त्यानंतर बाजारात दुसरं काही दिसेना.

जंगलातलं ऑर्किड पाहिलं ते डांगात, वघईच्या पुढे, महुड्याच्या खोडावर. व्हांडा टेसेलाटा. मांडवातल्या जांभळ्यापुढे ते कोणी हातात धरणार नाही. पिवळट हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेघांची जाळी, चौकडीच्या जुन्या लुंगीसारखी, आणि मधोमध निळा-जांभळा ओठ. फूल चार-पाच सेंटिमीटरचं. मॅक्रो लेन्सने एकास एक घेतलं तर सेन्सरच्या २४ मिलिमीटर उंचीत मावतच नाही, आणि एफ-११ ठेवूनही जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली स्पष्ट येते. ओठ धरला की पाकळ्या विरघळतात. छिद्र आणखी बारीक केलं तर सगळंच किंचित मऊ पडतं. म्हणून मी मागे सरतो, पाकळ्यांसकट फूल आणि सालीवर चिकटलेली जाड पांढरी मुळं घेतो, छाटायचं ते घरी. २४ मेगापिक्सेलमधून लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली की सहाच उरतात, तरी दहा इंची प्रिंटला ते पुरतात. पूर्ण चौकट कॅमेऱ्यातच जमवली पाहिजे, छाटणं म्हणजे लबाडी, असं मानणारे छायाचित्रकार मला भेटतात. मामांच्या लाल रेघा त्यांनी पाहिलेल्या नाहीत.

छाटताना एक गोष्ट मात्र मी करत नाही. फोटो फिरवून फूल सरळ करत नाही. कारण ते काम फुलाने केलेलं असतं. बहुतेक ऑर्किडांत कळी असताना ओठ वरच्या बाजूला असतो. उमलण्याआधी देठ आणि बीजकोश गुरुत्वाकर्षणाचा माग घेत पीळ घेतात, जवळजवळ १८० अंशांचा, तेव्हा ओठ खाली येतो आणि कीटकाला उतरायला ओटा तयार होतो. १८६२ साली डार्विनने ऑर्किडांच्या परागीभवनावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात तो फुलात टोकदार पेन्सिल घालून बघतो. परागांचा पुंजका पेन्सिलीला उभा चिकटतो आणि अर्ध्या मिनिटात पुढे वाकतो, पुढच्या फुलात बरोबर जागेवर टेकेल असा. इतक्या मोजूनमापून केलेल्या मांडणीत मी स्क्रीनवर पाच अंशांचा कोन बदलला तर खोड कलतं, आणि फूल खोटं पडतं.

एवढं कळल्यावर पदरातलं झोपलेलं ऑर्किड सहन होईना. डिजिटल प्रिंटिंग आल्यापासून ६४ सेंटिमीटरची सक्ती सुटली आहे. ब्लाउज पीस धरून ६.३० मीटरचं सलग चित्र छापता येतं. तेव्हा पदरापुरती फुलं नव्वद अंशांत वळवायची. पण कुठून? मराठी पदर छातीवरून वर जातो आणि पाठीवर उतरतो. एकाच दिशेची फुलं छातीवर सरळ दिसली तर पाठीवर उलटी होतात. गुजराती पदर मागून येऊन उजव्या खांद्यावरून पुढे पडतो, त्यात पुढून दिसणारी सरळ ठेवली की भागतं. दोन्हींत वळण खांद्यावरच. म्हणून कोऱ्या साडीवर बायकोला पदर घ्यायला सांगितलं आणि खांद्यावर खडूने खूण केली. बहिणीने नेसली तर तिची खूण चांगली चार बोटं पुढे आली. दोन खुणांच्या मधल्या पट्ट्यात आता फुलंच घेतलेली नाहीत, नुसती व्हांडाची लांब पानं आहेत. त्यांना वर-खाली फारसं नसतं. व्यापारी नमुना बघून म्हणाला, "छान आहे, पण हे तपकिरी नको, जांभळं करा."