रद्दीच्या दुकानातली आपली माणसे

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की आमची पावले रद्दीच्या दुकानाकडे वळतात. घरच्यांना आता याची सवय झाली आहे. "भाजीची थैली घेऊन जाता आन् कागदं भरून आणता," असे आमच्या सहचारिणी म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. सीताबर्डीचा फूटपाथ, इतवारीतली भंगाराची दुकाने आणि वस्तीवस्तीत तराजू टांगून बसलेले रद्दीवाले ही आमची ठिकाणे. परदेशात लोक वापरलेल्या वस्तू धर्मादाय दुकानांना देतात आणि तिथे जुनी पुस्तके, चित्रकथा, गाण्यांच्या तबकड्या स्वस्तात मिळतात, असे आम्ही वाचले आहे. आपल्या कष्टकरी माणसाचे तसे दुकान म्हणजे रद्दीवाला. तिथे वस्तू दान म्हणून येते, इथे किलोने येते, एवढाच फरक.

आम्ही शोधतो ते आपल्या चळवळीचे कागद. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक, वंदनेच्या लहान पुस्तिका, जयंतीच्या स्मरणिका, जलशाच्या गाण्यांची पातळ पुस्तके, वामनदादा कर्डकांच्या आणि इतर गायकांच्या कॅसेट आणि क्वचित एखादी लाखेची तबकडी. बाजारात या वस्तूंना फारशी किंमत नाही. म्हणून तर त्या आमच्यासारख्या कारकुनाला परवडतात!

हा छंद आम्हाला हौसेतून लागलेला नाही. तो एका चुकीतून लागला. ती चूक आज वाचकांपुढे कबूल करतो.

आमचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्या जनसागरात तेही होते. त्यांच्याजवळ पत्र्याची एक पेटी होती. तीत सुतळीने बांधलेले अंक, वंदनेच्या पुस्तिका, मिलच्या युनियनच्या पावत्या आणि जुन्या कापडात गुंडाळलेल्या दोन तबकड्या असत. घरात ग्रामोफोन कधीच नव्हता. वस्तीत एकाकडे यंत्र होते, ते जयंतीला मागून आणायचे आणि मग सगळी गल्ली ऐकायची. आजोबांना वाचायला सवड लागे. एकेक अक्षर जुळवत ते वाचत आणि वाचून झाले की अंक पुन्हा घडीवर घडी घालून पेटीत ठेवत.

आजोबा गेले. २००४ साली आम्ही मातीचे घर पाडून विटांचे बांधायला काढले. नुकतेच बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो होतो. हिशेब शिकलेला माणूस! पेटी जागा अडवते, कागदांना वाळवी लागली आहे, असा हिशेब आम्ही केला आणि पेटी दारावरच्या रद्दीवाल्यापुढे उपडी केली. त्याने कागद तोलले. तबकड्या त्याने फुकटच नेल्या, कारण त्यांचा भाव त्यालाही ठाऊक नव्हता. शंभराच्या आतबाहेर पैसे आले आणि त्यातून आम्ही विजेची दोन बटणे आणली. वडील ओसरीवर बसून पाहत होते. ते काहीच बोलले नाहीत.

दोन वर्षांनी, २००६ साली, धम्मदीक्षेला ५० वर्षे झाली. विहारात जुन्या कागदांचे छोटे प्रदर्शन मांडायचे ठरले. वस्तीतले एक वयोवृद्ध उपासक आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुझ्या आज्यापाशी सारे अंक होते. पेटी काढ बाबू." आम्ही त्यांना काय सांगणार? मान खाली घालून सांगितले. ते उठून उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "उपाशी राहून घेतले होते बाप्पा त्यानं." त्या दिवसापासून आम्ही रद्दीच्या दुकानांत जाऊ लागलो. आजोबांची पेटी काही परत मिळाली नाही. ती मिळणार नाही, हेही आता कळले आहे.

पण शोधता शोधता एक गोष्ट उमगली. जुनी पुस्तके धुंडाळणे ही आपल्यासाठी परकी गोष्ट नाही. आपले बाबासाहेब विद्यार्थी असताना न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके विकत घेत. तिथे त्यांनी सुमारे २,००० जुने ग्रंथ जमवले होते, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. १९१७ साली ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे सामान असलेले जहाज महायुद्धात बुडाले आणि त्यांच्या हाती ६०० रुपये भरपाई आली. पुढे त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले, तेही पुस्तकांची सोय मनात धरूनच.

आणि त्याच महामानवाच्या कागदांचे पुढे काय झाले? त्यांच्या परिनिर्वाणानंतर, १९६७ साली, दिल्लीच्या अलीपूर रोडवरील बंगल्यातले त्यांचे कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजून त्यांतले कितीतरी नष्ट झाले. त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. जे वाचले, त्यातून पुढे महाराष्ट्र शासनाचे इंग्रजी खंड निघाले. पहिला खंड १९७९ साली आला. त्याचे संपादक वसंत मून हे आपल्या नागपूरचे, सीताबर्डीच्या वस्तीत वाढलेले. गठ्ठे सोडवून, पाने जुळवून त्यांनी ते काम केले नसते, तर बाबासाहेबांचे अप्रकाशित लिखाण आज आपल्या कपाटात दिसले असते काय?

आता आमच्या हातून होता होता राहिलेल्या दुसऱ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी एका रद्दीवाल्याकडे शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यात वंदनेची एक पुस्तिका सापडली. मुखपृष्ठ फाटलेले, पाने दोऱ्याने शिवलेली. मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने विहाराच्या वर्गणीची यादी लिहिली होती. वर उत्तर नागपुरातल्या एका वस्तीचे नाव आणि खाली माणसांची नावे. कुणाचे दोन आणे, कुणाचे चार, एकाचा रुपया. पुरुषांइतकीच बायांची नावे होती. नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजी आले खरे, पण लोक त्यानंतरही बरीच वर्षे आण्यातच मोजत. म्हणून यादीचे नेमके साल सांगता येत नाही. रद्दीवाल्याने पाच रुपये घेतले. आम्ही हरखून गेलो.

यादी घेऊन आम्ही त्या वस्तीत गेलो. एका घरी ऐंशीच्या घरातल्या आजी भेटल्या. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांच्या नातीने नावे वाचायला सुरुवात केली. सातवे की आठवे नाव आले आणि आजींनी तिचा हात धरला.

"थांब वं पोरी. पुन्हा वाच."

नातीने पुन्हा वाचले. चार आणे.

"माह्या मायचं नाव हाये हे," आजी म्हणाल्या. "बिड्या वळे ते. शाळा पाह्यली नाही तिनं. तिचं नाव कागदावर हाये, हे मले आजच समजलं." त्यांनी पानावरून बोट फिरवले. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "हे पुस्तक मले द्या ना जी."

वाचकहो, आमची जीभ अडखळली. आमच्या संग्रहात इतके मोलाचे दुसरे काही नव्हते. आम्ही म्हणालो, "आजी, मी तुम्हाला झेरॉक्स आणून देतो." आजी काही बोलल्या नाहीत. आमचे वडील ओसरीवर बसून होते तशाच त्या बसून राहिल्या.

आठवडाभर ती पुस्तिका आमच्या कपाटात होती. झेरॉक्सही काढून झाली होती. सहचारिणींना सारे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "अजी, ते त्यांच्या मायचं नाव हाये. तुम्ही कोण लागता त्याचे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी मूळ पुस्तिका आजींना नेऊन दिली आणि झेरॉक्स आम्ही ठेवली. आजींनी ती धुतलेल्या कापडात गुंडाळली आणि तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेजवळ ठेवली. त्या वर्षी अशोक विजयादशमीला विहारात ती यादी मोठ्याने वाचली. आणखी तीन घरांनी आपापली माणसे ओळखली. एकाने तर घरी जाऊन स्वतःची पेटी उघडली आणि विहारात आणून ठेवली. ती आमच्या कपाटात कधीच आली नसती.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. ज्याचे त्याला परत द्यायचे, नक्कल विहाराच्या कपाटात ठेवायची. जिचा धनी सापडत नाही, ती वस्तूही विहाराची. आमच्या घरी आता फक्त याद्या आहेत.

माता-भगिनींना दोन-चार उपयोगी गोष्टी सांगतो, कारण दिवाळीची आवरासावर त्यांच्याच हातून होते. पेटी रद्दीत देण्यापूर्वी एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर उघडा. जुन्या अंकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो उन्हाने लवकर पिवळा पडतो आणि तुटतो. म्हणून ऊन आणि ओल दोन्ही टाळा, पेटी जमिनीला टेकवू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. नाव-साल लिहायचे तर पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहा. मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असते. ती पडली की फुटते आणि स्पिरिटने पुसली की खराब होते. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. कॅसेट स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा. चालू टेपरेकॉर्डर मिळाला तर गाणी एकदा मोबाइलमध्ये किंवा संगणकात उतरवून घ्या. आपल्या कितीतरी गायकांचे आवाज लहान कंपन्यांच्या कॅसेटवरच आहेत. फीत गेली की आवाज गेला.

मुलांनाही यात घ्या. १९७९ साली अमर चित्र कथेने बाबासाहेबांवर चित्रकथा काढली. तिची कोपरे झिजलेली प्रत आम्हाला फूटपाथवर मिळाली. २०११ साली आलेल्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी तीच जीवनकथा आपल्या परीने रंगवली. विहारात मुले दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहतात आणि पाण्याच्या प्रसंगावर थांबतात. मग त्यांना चवदार तळे समजावून सांगावे लागत नाही, तीच विचारू लागतात.

दर वर्षी दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात आणि परत जाताना पुस्तके घेऊन जातात. उपाशीतापाशी प्रवास करून आलेली माणसे भाकरीच्या पिशवीत ग्रंथ घालतात, ही आपली शान आहे. पण घेतलेले पुस्तक तीस-चाळीस वर्षांनी कुठे असेल, हा विचारही आपणच करायला हवा. आजोबांचे अंक आम्ही बटणांच्या भावात घालवले. तुमच्या घरची पेटी अजून जागेवर असेल, तर या रविवारी ती उघडा. आत कुणाच्या तरी मायचे नाव असेल.

जयभीम!