आजोबांचा अबोला

आजोबांना फारसे बोलताना मी कधी पाहिले नाही. पहाटे उठावे, माडांना पाणी घालावे, मग पडवीत सुंभ वळीत बसावे, असा त्यांचा दिवस असे. तरुणपणी ते मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. लालबागच्या खोलीत गाववाल्यांबरोबर राहून, खानावळीत जेवून ते दरमहा घरी मनीऑर्डर धाडीत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले, ते पुन्हा आत गेलेच नाहीत. गावी येऊन त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात मजुरी केली. पण बाबांची शाळा सुटू दिली नाही.

बारावीत असताना एकदा मी चिडून म्हणालो, "आजोबा, तीनदा विचारलं, उत्तर का देत नाही?" ते नुसते हसले. रात्री आजी हळूच म्हणाली, "अरे, साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेले. कुणाला कळू देत नाहीत." त्या रात्री मला जेवण गेले नाही.

गेल्या वर्षी आजोबा गेले. अजूनही पडवीत पाऊल टाकले की माझा आवाज आपोआप चढतो.