बद वाजणारा कातळ

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बहुतेकांनी वरूनच पाहिलेला असतो. पाचनईहून चढायचं, हरिश्चंद्रेश्वराच्या देवळात डोकं टेकायचं आणि संध्याकाळी काठावर पालथं पडून खाली डोकवायचं. चढणाऱ्याला मात्र तो बेलपाड्यातून पाहावा लागतो. तिथून कळतं की हा कडा नुसता उभा नाही, आत वळलेला आहे.

सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कठीण काळ्या थरांच्या मधेमधे सच्छिद्र, मऊ थर आहेत. मऊ थर झिजून मागे हटतो, कठीण थर पुढे आलेला राहतो. तोच आम्हा चढणाऱ्यांचा ओव्हरहँग.

लोकांना वाटतं, तिथे दंडात ताकद हवी. हवीच, पण ती वाचवता यायला हवी. हात वाकवून लटकलं की दंड भरून येतात. हात सरळ ठेवून भार जमेल तेवढा पायांवर द्यायचा. खरी कसोटी आहे ती दगड पारखण्याची. कुठल्या दगडावर विसंबायचं?

आम्ही हातोडीने विचारतो. मडकं घेताना टिचकी मारतात तसा कातळावर हलका टोल द्यायचा. खणखणीत आवाज आला तर पुढे जायचं. बद वाजला तर तो दगड कड्यापासून सुटलेला आहे. त्याला हातही लावायचा नाही. पिटॉन, म्हणजे भेगेत बसवायची धातूची मेख, ठोकतानाही कान हवा. चांगल्या भेगेत घावागणिक सूर चढत जातो. मऊ थरात पिटॉन मुकाट आत शिरतो, आणि असा पिटॉन फक्त मनाच्या समाधानापुरता असतो. फ्रेंड, म्हणजे भेगेत फाकून बसणारं स्प्रिंगचं साधन, बसवायला सोपा, पण ओढ बसली की तो भेगेच्या दोन्ही भिंतींना बाहेर रेटतो. सुटी कपार असेल तर तीच फोडून काढतो.

ओव्हरहँगवरून पडणारा सहसा कातळावर आपटत नाही, हे खरं. पण तो अधांतरी लोंबकळतो आणि हात पोचेल असं जवळ काहीच नसतं. म्हणून दोरावरून वर चढायला जुमार किंवा प्रुसिकची दोरी कमरेला हवीच. कोकणातून वर उसळणारा वारा शब्द उडवून नेतो, त्यामुळे पुढे चढणारा लीडर आणि त्याचा दोर सांभाळून बिले देणारा यांनी दोराच्या ओढींच्या खुणा आधीच ठरवलेल्या असाव्यात. कपारीखाली आग्या मोहोळ दिसलं तर मार्ग सोडून द्यावा. त्यात कमीपणा नाही.

बोल्टला, म्हणजे ड्रिलने भोक पाडून कातळात कायमच्या बसवलेल्या खिळ्याला, माझा सरसकट विरोध नाही. भेगच नसेल तिथे माणसाचा जीव मोठा. पण हाताशी धड भेग असताना तिच्या शेजारी ड्रिल चालवणं मला पटत नाही. पिटॉन आणि फ्रेंड मागून येणारा काढून घेऊ शकतो. बोल्टचं भोक कायमचं राहतं. नव्या मुलांना एवढंच सांगणं आहे: ड्रिल विकत घेण्याआधी एक हिवाळा छोट्या कड्यांवर हातोडी आणि पिटॉन घेऊन काढा. कोकणकडा त्यानंतर.